रस्ता चार महिन्यांत उखडला, तक्रारी करून दमलो, आता कुणाकडे जाऊ?

ताईंचं पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं आधी सांगतो. ताई एका नगरपरिषदेच्या गावात राहतात, गल्लीत चाळीसेक घरं. बरीच वर्षं मागणी करून करून यंदा मार्चमध्ये डांबरीकरण झालं, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि जुलैच्या पावसात रस्ता उखडायला लागला. गणपतीच्या आधी कुणीतरी येऊन मुरूम टाकून गेलं, दोन दिवसांत त्याचा चिखल झाला. सप्टेंबरमध्ये त्यांच्या सासूबाई सकाळी दूध आणायला निघाल्या होत्या, खड्ड्यात पाणी साचलेलं त्यामुळे खोली कळली नाही, पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. नगरसेवक फोनवर "बघतो ताई" म्हणतात. ऑफिसला तीन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी कळलं की "ठेकेदाराला सांगितलंय". आता गल्लीत वेगवेगळी मतं आहेत, कुणी म्हणतंय वर्गणी काढून आपणच खडी टाकू, कुणी म्हणतंय घरपट्टी भरायचीच नाही, आणि काहीजण म्हणतात गप्प बसा, नगरसेवक नाराज झाला तर पाणीसुद्धा वेळेवर यायचं नाही. ताई शेवटी विचारतात, "दादा, नक्की कुणाकडे जाऊ आणि गेल्यावर काय बोलू?"

ताई, पहिल्यांदा सासूबाईंना नमस्कार सांगा. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं की घरातल्या सगळ्यांचे किती हाल होतात ते मला माहितीये, माझी आई अशीच पडली होती, तेव्हापासून रस्त्याचा विषय निघाला की मी बाजूला होऊ शकत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही आत्तापर्यंत खड्ड्याची तक्रार केलीत, आता कामाची तक्रार करा. खड्डा आहे म्हटलं की ऑफिसात उत्तर ठरलेलं असतं, पाऊस आहे, निधी नाही, यादीत घेतलंय. पण मार्चमध्ये अमुक ठेकेदाराने अमुक वर्क ऑर्डरवर केलेलं काम चार महिन्यांत उखडलं आणि ते दोष दायित्व कालावधीत आहे, असं लेखी म्हटलं की तिथे निधीचा प्रश्नच उरत नाही, कारण या मुदतीत बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने परत करून द्यायचं असतं. ऑफिसात या मुदतीला सगळे डीएलपी म्हणतात. तुम्हाला "ठेकेदाराला सांगितलंय" हे जे उत्तर मिळालं ना, त्याचा अर्थच हा आहे की रस्ता डीएलपीत आहे हे त्यांना माहितीये, फक्त सांगितलंय ते तोंडी की लेखी आणि कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत. डांबरी कामाला हा काळ बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांचा असतो, काँक्रीटला जास्त, पण तुमच्या रस्त्याच्या टेंडरमध्ये जे लिहिलंय तेच खरं, म्हणून तो कागद हातात हवा.

आणि याला घाई करायची असते. ठेकेदाराची सुरक्षा अनामत रक्कम ऑफिसकडे अडकलेली असते, बिलातून कापलेली किंवा आधी भरून घेतलेली, आणि डीएलपी संपली, ऑफिसच्या दप्तरी एकही लेखी तक्रार नसली, की ती परत जाते. मग तुमच्याकडे हजार फोटो असले तरी पकडायला काही राहत नाही. आमच्या गल्लीत नेमकं हेच झालं होतं, दीड वर्ष आम्ही फोन आणि व्हॉट्सॲपवर भांडत बसलो, इंजिनिअर माणूस म्हणून चांगला होता, दरवेळी हो म्हणायचा, आणि शेवटी कळलं की आमची एकही तक्रार आवक रजिस्टरला नाही आणि मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली. त्या दिवशी इतका राग आला होता स्वतःचा आणि त्यांचाही, की सांगता येत नाही. तुम्ही ती चूक करू नका.

अर्ज लिहायच्या आधी एक सकाळ रस्त्याला द्या. खरंच सांगतो, एक स्टीलची पट्टी, एक बादली पाणी आणि मोबाईल घेऊन दोघी-तिघींनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. जिथे डांबराची कड तुटून उघडी पडलीये तिथे पट्टी उभी धरा आणि थर किती जाड आहे ते पट्टीसकट फोटोत घ्या, आकडे वाचता येतील असा जवळून, आणि तोच खड्डा लांबून एकदा, मागे कुणाचं तरी घर किंवा विजेचा खांब दिसेल असा, म्हणजे जागा कुठली यावर वाद नको.

रस्ता कसा तुटलाय हे नीट बघा, त्यावरून बरंच कळतं. वरचा थर पापडासारखा सुटून येत असेल, हाताने उचलता येत असेल, तर खालचा जुना रस्ता नीट झाडला नाही किंवा दोन थरांमध्ये चिकटायला डांबराचा पातळ हात मारतात, टॅक कोट म्हणतात त्याला, तो मारलाच नाही. बारीक खडी सुटी होऊन कडेला रांगोळीसारखी पसरली असेल तर डांबर कमी पडलंय, नाहीतर माल गार झाल्यावर पसरलाय, कारण डांबराचा माल गरम असतानाच रोलर फिरला पाहिजे, गार झाल्यावर कितीही रोलर फिरवा तो दबत नाही, आत पोकळ राहतो आणि पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. खड्डे सरळ रेषेत आणि एकाच बाजूला असतील तर तिथून पाइपलाइनची किंवा केबलची चर गेलीये आणि ती थराथराने दाबून भरली नाही, अशा वेळी दोष डांबरीकरणवाल्याचा की खोदणाऱ्याचा हा वाद निघतोच, म्हणून चर कधी खोदली होती, डांबराच्या आधी की नंतर, हे शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

आणि बादली कशाला, तर रस्त्याच्या मधोमध हळूहळू ओता. पाणी दोन्ही बाजूंना गटाराकडे पळालं पाहिजे, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असावा लागतो, डांबरी रस्त्याला शंभराला साधारण दोन-अडीच इतका ढाळ ठेवतात. पाणी तिथेच गोल बसलं किंवा एखाद्या घराच्या पायरीकडे गेलं तर त्याचा व्हिडिओ काढा. डांबराचा खरा शत्रू पाणी, गाड्या त्या मानाने नंतर. चेंबरची झाकणं वर आलीत की खाली गेलीत तेही बघा, खड्डे बहुतेक तिथूनच सुरू होतात.

अजून एक हिशोब सांगतो, मला एका निवृत्त मिस्त्रीने शिकवला. समजा गल्ली दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद आणि कागदावर थर पाच सेंटीमीटर. म्हणजे झाला चाळीस घनमीटर माल. दबलेला डांबरी माल घनमीटरला साधारण सव्वादोन टन, म्हणजे नव्वद टन, दहा टनी डंपरच्या नऊ खेपा. आता गल्लीतल्या दिवसभर घरी असणाऱ्या माणसांना विचारा त्या दिवशी किती डंपर आले होते. चारच आले असं चार-पाच जणांनी सांगितलं तर ते काही पुरावा होत नाही, पण कुठला प्रश्न विचारायचा ते तुम्हाला कळतं.

मग अर्ज. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, एक पान, भावना बाजूला ठेवून. मी असा लिहीन, "विषय : मार्च महिन्यात झालेले डांबरीकरण दोष दायित्व कालावधीत उखडल्याबाबत. वरील काम चार महिन्यांत नादुरुस्त झाले असून सोबत जागानिहाय फोटो जोडले आहेत. संबंधित ठेकेदारास लेखी नोटीस देऊन त्याच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी, रहिवाशांसमक्ष संयुक्त पाहणी करून पंचनामा करावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत सुरक्षा अनामत रक्कम परत करू नये." बस्स. शेवटचं वाक्य विसरू नका. खाली जमतील तेवढ्या घरांच्या सह्या, घर नंबरसकट. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊन या, तो घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. कुणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. हे रस्ते बांधणं आणि सांभाळणं नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातच आहे ते, त्यामुळे उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

एक मात्र आधी विचारून घ्या, रस्ता नगरपरिषदेच्याच ताब्यातला आहे ना. स्टँडजवळचा मोठा रस्ता बऱ्याच गावांत सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो आणि नवीन प्लॉटिंगमधले रस्ते कधी कधी बिल्डरने हस्तांतरच केलेले नसतात. तुमच्या गल्लीत नगरपरिषदेने डांबर टाकलंय त्यामुळे तुम्हाला ही अडचण येणार नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

अर्ज देऊन आलात की त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. लोक याला उगाच घाबरतात, कायदा २००५ चा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कथा लिहायची नाही. एवढंच मागा, या कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, दोष दायित्व कालावधीची अट असलेलं टेंडरचं पान, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, आणि दिलेल्या बिलांच्या प्रती. "का" असा प्रश्न विचारू नका, रस्ता का उखडला याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो फक्त कागद देतो. प्रतीचे पानाला दोन रुपये लागतात.

यातली मोजमाप पुस्तिका, ऑफिसातले लोक एमबी म्हणतात, ती सगळ्यात महत्त्वाची. लांबी, रुंदी, जाडी तिथे लिहिलेली असते आणि बिल त्यावरच निघतं. तुमच्या पट्टीवर अडीच सेंटीमीटर आणि पुस्तिकेत पाच, असं निघालं तर तुमच्या अर्जाचं वजन एकदम वाढतं, कारण मग प्रश्न त्या पानावर सही करणाऱ्यालाही जातो. कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचाही अधिकार आहे, हे फार थोड्यांना माहिती असतं. स्वतः रस्ता खणून तुकडा घेऊन जाऊ नका, रीतसर मागा. ऑफिसात बसून फाइल बघायची असेल तर तसंही मागता येतं. मी तसंच केलं होतं, कारण प्रती मागितल्या की नेमकं एखादं पान राहून जातं आणि समोर फाइल असली की पुढचं-मागचं सगळं दिसतं. तीस दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प, तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाला वेळ लागतो हे खरंय, पण बरीच कामं पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच हलतात असा माझा अनुभव आहे.

सोबतच राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, तिथे एकवीस दिवसांत निपटारा करायचा असतो. लोकशाही दिन म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो, त्याचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी तालुक्याला जाऊन यावं लागतं, थेट जिल्ह्याला गेलात तर परत पाठवतात. हे सगळं आवक नंबर हातात असेल तरच उपयोगाचं.

आता सासूबाईंचं, ताई हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण तुम्ही पत्रात फक्त एका ओळीत उरकलंत, जसं काही ते तुमचं घरचं दुखणं आहे. ते तसं नाहीये. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने फार आधीच म्हटलंय, आणि १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात तर भरपाईच ठरवून दिली, खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमी झालं तर जखमेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. दावा बघायला समिती सांगितलीये, नगरपरिषदेसाठी त्यात मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. म्हणून एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, पडल्या त्या जागेचा फोटो, आणि ज्यांनी उचलून घरी आणलं त्यांची नावं हे सगळं एका फाइलला लावा. पोलिसांत साधी नोंद केली नसेल तर आता तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या, उशीर का झाला ते खरं खरं लिहा. मग जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा, बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पैसे मिळतीलच असं मी वचन देत नाही, पण हा दावा दप्तरी लागला की ऑफिसला खड्ड्याची किंमत कळते, आणि सासूबाईंनाही वाटेल की आपल्या पडण्याची कुणीतरी दखल घेतली.

वर्गणीचं म्हणाल तर ज्यांनी सुचवलं त्यांच्या मनात चांगलंच आहे, पण मी नको म्हणेन. मुरूम टाकला की दोन पावसांत चिखल, आणि घरबांधणीचा राडारोडा टाकला तर फरशीचे तुकडे टायरला आणि पायाला, शिवाय गटार तुंबतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुरावा झाकला जातो, उद्या पाहणीला आले की म्हणतील रहिवाशांनीच छेडछाड केली. फारच धोक्याचा खड्डा असेल तर फोटो काढून झाल्यावर त्याच्याभोवती दगड रंगवून ठेवा, काठीला लाल फडकं बांधा, रात्री दिसेल असं, आणि तसं केल्याचंही अर्जात लिहा. सासूबाई पडल्या त्या जागी आजच करा हे.

घरपट्टी अजिबात बंद करू नका. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, ती माफ होईल या भरवशावर राहू नका, आणि तुमच्या अर्जावर पहिलं उत्तर येईल की हे थकबाकीदार आहेत. उलट चालू वर्षाच्या पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडा.

नगरसेवकाची भीती वाटणाऱ्यांनाही दोष देऊ नका, लहान गावात रोज तोंडं बघायची असतात. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्याआधी कित्येक वर्षं बऱ्याच गावांत प्रशासकच होते, तेव्हा निदान विचारायला आपल्या प्रभागाचा माणूस तरी आता आहे. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी दोन मोठी माणसं घेऊन त्यांच्या घरी जा, प्रत दाखवा आणि सांगा, "भाऊ, तक्रार ठेकेदाराच्या कामाची आहे, तुम्ही सभेत हा विषय घ्या, गल्ली तुमच्यासोबत आहे." शहाणा असेल तर स्वतःच पुढे होईल, कारण फुकटात दुरुस्ती होतीये आणि नाव त्याचं होतंय. आणि नाही झाला तरी चाळीस सह्या असल्या की एका घराचं पाणी तोडायची हिंमत सहसा कुणी करत नाही, म्हणून अर्जदार म्हणून एकट्या तुमचं नाव टाकू नका.

आता दिवाळीनंतर डांबराचे प्लांट सुरू होतात, तेव्हा दुरुस्तीला माणसं येतील, त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा. खड्डा चौकोनी कापला पाहिजे, कडा उभ्या, आतला सुटा माल आणि धूळ काढलेली, तळाला आणि कडांना डांबर मारलेलं, मग माल भरून रोलर किंवा निदान रॅमर, म्हणजे हाताने धरून माल ठोकून दाबायचं यंत्र. नुसतं पाटीभर काळी खडी ओतून फावड्याच्या पाठीने थापटायला लागले तर शांतपणे सांगा, थांबा, साहेबांना बोलवा, आणि व्हिडिओ सुरू ठेवा. कामगारांवर ओरडू नका ताई, उन्हात काम करणाऱ्या त्या पोरांचा यात काही दोष नसतो, त्यांना चहा द्या. आणि अख्खा थरच सुटत असेल तर ठिगळं मान्य करू नका, पण वर नुसता नवीन थरही नको, जुना खरवडून मग घालायला सांगा, नाहीतर रस्ता वर आणि तुमची जोती खाली, पुढच्या पावसात पाणी घरात. सगळं झालं की परत एक बादली ओतून बघा.

आवक नंबर मिळाला की मला कळवा, माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा पाठवलात तर मी शब्द मोजून दुरुस्त करून देईन. सासूबाईंचं प्लास्टर निघाल्यावर बोटांचा व्यायाम चुकवू देऊ नका, माझ्या आईने कंटाळा केला आणि तिची मूठ अजून पूर्ण मिटत नाही.